सीनियर ओपन बघायला जाताना: लिंक्स कोर्सवर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्यांसाठी

गोल्फ टीव्हीवर बघितलंय, पुण्यात येरवड्याच्या किंवा मुंबईत चेंबूरच्या कोर्सवर कुणासोबत एखादी चक्कर मारलीय, मुलगा-सून ब्रिटनमध्ये आहेत आणि यंदाच्या जुलैत तिकडे जायचं चाललंय. अशा वाचकासाठी हा लेख आहे. स्वतः खेळणाऱ्यांनाही उपयोग होईल, पण खेळता यायलाच हवं असं अजिबात नाही. मी सीनियर ओपन स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला जाऊन बघितली. त्याआधी माहिती शोधताना ती दहा ठिकाणी विखुरलेली मिळाली, आणि त्यातली निम्मी तिथल्याच लोकांसाठी लिहिलेली होती. व्हिसा कधी टाकायचा, कुठल्या स्टेशनावर उतरायचं, कोर्सवर नेमकं कुठे उभं राहायचं, हे आपल्या माणसाला लागणारं सगळं इथे एकत्र देतो.

आधी स्पर्धेची ओळख. पन्नाशी ओलांडलेल्या गोल्फपटूंसाठी वर्षात पाच मोठ्या स्पर्धा होतात, त्यांना सीनियर मेजर म्हणतात. त्यांतल्या चार अमेरिकेत. अमेरिकेबाहेर होणारी एकच, ती ही सीनियर ओपन. 1987 मध्ये स्कॉटलंडमधल्या टर्नबरीला सुरू झाली, पहिला विजेता इंग्लंडचा नील कोल्स. मेजरचा दर्जा 2003 पासून आहे. चार दिवस, गुरुवार ते रविवार, रोज 18 होल, एकूण 72. साधारणपणे मुख्य ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन, संपली की पुढच्याच आठवड्यात, म्हणजे जुलैच्या अखेरीस. विजेत्याला पुढच्या वर्षीच्या मुख्य ओपनमध्ये थेट प्रवेश मिळतो, त्यामुळे शेवटच्या दिवशी ही मंडळी मैत्रीचा सामना खेळतायत असं क्षणभरही वाटत नाही.

नवख्या माणसाने मुख्य ओपनऐवजी आधी हीच बघावी, असं माझं ठाम मत आहे. मुख्य ओपनला गर्दी इतकी असते की पुढच्याच्या खांद्यावरून जेमतेम टोपी दिसते. इथे दोरीला लागून उभं राहता येतं. कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस, आणि खेळाडू कुठल्या क्लबवरून चर्चा करतायत तेही कानावर पडतं. शिवाय या वयात चेंडू लांब मारण्याची ताकद कमी झालेली असते, त्यामुळे खेळाडू डोकं, वारा आणि जमीन वापरून खेळतो. समुद्राकाठच्या वाळूवरच्या, म्हणजे लिंक्स कोर्सवर नेमकी तीच परीक्षा असते.

1. आधी कोर्स बघा, मग तारीख

सर्वांत मोठी गल्लत इथेच होते. सीनियर ओपन दरवर्षी वेगळ्या ठिकाणी असते, आणि प्रत्येक ठिकाण लिंक्स नसतं. लंडनजवळचे सनिंगडेल आणि वॉल्टन हीथ, स्कॉटलंडमधलं ग्लेनईगल्स हे नावाजलेले कोर्स आहेत, पण समुद्राकाठचे नाहीत. 2022 ला डॅरेन क्लार्क जिंकला ते ग्लेनईगल्सला, 2025 ला पॅड्रिग हॅरिंग्टन जिंकला ते सनिंगडेलला. स्पर्धा तिथेही उत्तमच होते, पण समुद्राकडून येणारा वारा आणि टणक वाळूची जमीन बघायची असेल तर ते वर्ष सोडा.

लिंक्स म्हणजे किनारा आणि शेतजमीन यांच्यामधला वालुकामय पट्टा. खाली वाळू, त्यामुळे पाणी पटकन मुरतं आणि जमीन कडक राहते. वर बारीक पात्यांचं चिवट गवत. झाडं जवळजवळ नाहीत, म्हणून वाऱ्याला अडवायला काही नाही. वाळूच्या उंचसखल टेकड्या, पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्सची झुडपं, आणि पॉट बंकर, म्हणजे लहानशा आडासारखा खोल खड्डा, ज्याची भिंत गवताच्या लाद्या एकावर एक रचून बांधलेली असते. चेंडू त्या भिंतीला चिकटून पडला तर चांगला खेळाडूसुद्धा तो मागे किंवा आडवा काढतो.

सीनियर ओपन भरलेले खरे लिंक्स: स्कॉटलंडमध्ये टर्नबरी, कार्नूस्टी, म्युअरफील्ड, रॉयल ट्रून, रॉयल ॲबर्डीन आणि सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. इंग्लंडमध्ये रॉयल लिथम आणि रॉयल बर्कडेल. वेल्समध्ये रॉयल पोर्थकॉल. उत्तर आयर्लंडमध्ये रॉयल पोर्टरश आणि रॉयल काउंटी डाउन. पुढची स्पर्धा यांतल्या कुठल्या ठिकाणी आहे हे अधिकृत संकेतस्थळावर बघा आणि मगच कामाला लागा. खालचं बहुतेक वर्णन कार्नूस्टीचं आहे, कारण तिथले कोपरे मी पायाखाली घातलेत. तिथे 2010, 2016 आणि 2024 अशी तीनदा ही स्पर्धा झाली आहे.

2. व्हिसाची तयारी एप्रिलपासून

भारतीय पासपोर्टवर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. प्रवासाच्या तारखेच्या तीन महिन्यांपेक्षा आधी अर्ज करता येत नाही. स्पर्धा जुलैअखेर, म्हणजे एप्रिलच्या शेवटी दार उघडतं. उघडल्या उघडल्या अर्ज भरा. निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो असं सांगतात, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत सगळा देश तिकडे निघालेला असतो आणि मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर बोटांचे ठसे द्यायची वेळ मिळायलाच दिवस जातात.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट, जुनाही असेल तर तोही
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट
- नोकरीत असाल तर कंपनीचं रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या. व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद. निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद
- मागच्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं
- राहायच्या ठिकाणाचं आरक्षण, रद्द करता येईल असं
- नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र, त्यांच्या तिथल्या वास्तव्याचा पुरावा आणि पत्ता दाखवणारं एखादं बिल
- स्पर्धेच्या तिकिटाची प्रत. सक्ती नाही, पण प्रवासाचं कारण स्वच्छ दिसतं

दोन ठिकाणी लोक अडकतात. एक, अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम भरणं. मुलाने पाठवलेली असो की मुदत ठेव मोडलेली असो, ती कुठून आली याचा कागद जोडा, नाहीतर शंका येते. दुसरं, सातबारा, प्रॉपर्टी कार्ड किंवा मराठीतली इतर कागदपत्रं तशीच जोडणं. इंग्रजीत किंवा वेल्श भाषेत नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर लागतं, आणि भाषांतर अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क त्यावर हवा. शेती हा आपल्याकडचा मोठा पुरावा असतो, मालकाची मुळं इथे आहेत हे त्यातून दिसतं. तो नुसता मराठीत जोडला तर वाया जातो.

विमानाचं परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका.

ज्या वर्षी स्पर्धा उत्तर आयर्लंडमध्ये असेल त्या वर्षी आणखी एक गोष्ट. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच आहे, पण रॉयल काउंटी डाउनला डब्लिनमार्गे जाणं सोयीचं वाटतं आणि डब्लिन वेगळ्या देशात, आयर्लंडमध्ये. त्या वाटेने जायचं ठरवलंत तर तिथली परवानगी आधी तपासा, नाहीतर सरळ बेलफास्टला उतरा.

3. तिकीट कुठल्या दिवसाचं काढायचं

तिकीट फक्त अधिकृत संकेतस्थळावरून. ते मोबाइलवर येतं, म्हणून गेटवर पोहोचण्याआधी ते फोनमध्ये उतरवून ठेवा. लहान मुलं आणि सोबतीच्या व्यक्तीसाठीचे नियम त्या त्या वर्षीच्या पानावर वाचा, ते बदलत असतात.

एकच दिवस जमत असेल तर शुक्रवार घ्या. बहुतेक जण रविवार सुचवतील, कारण विजेता त्या दिवशी ठरतो. पण शुक्रवारी सगळे खेळाडू कोर्सवर असतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक गट येत राहतात, आणि संध्याकाळी कट लागणार असल्यामुळे मधल्या फळीतल्या खेळाडूंची धडपड बघण्यासारखी असते. दोन फेऱ्यांनंतर ज्यांचे फटके जास्त झाले ते घरी जातात. शेवटच्या दोन होलवर एक-एक फटका वाचवायला झगडणारा, कॅमेऱ्यांच्या नजरेबाहेरचा माणूस हे गोल्फचं फार खरं रूप आहे.

दोन दिवस जमत असतील तर शुक्रवार आणि रविवार. तीन जमत असतील तर त्यात सरावाचा एक दिवस घाला, मंगळवार किंवा बुधवार. सरावाच्या दिवशी खेळाडू एकाच जागेवरून चार-पाच चेंडू टाकून बघतात, कुठल्या उतारावरून चेंडू कुठे जातो ते शोधतात. कोर्स शिकायचा तो दिवस. सही किंवा फोटोही त्याच दिवशी मागावा.

4. पोहोचायचं कसं, राहायचं कुठे

कार्नूस्टी हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डंडीच्या पुढचं लहान गाव. स्पर्धेच्या आठवड्यात तिथल्या खोल्या महाग होतात आणि लवकर संपतात. डंडीत राहा. मोठं शहर, खाण्याची सोय भरपूर, आणि तिथून रेल्वेने कार्नूस्टी पाव तासाच्या आसपास.

लंडनहून येणार असाल तर किंग्ज क्रॉसवरून ॲबर्डीनकडे जाणारी थेट गाडी घ्या, डंडीला साधारण सहा तासांत पोहोचते. बसायची जागा उजवीकडची मागा. न्यूकॅसल सोडल्यावर समुद्र त्या बाजूला लागतो, आणि एडिनबरानंतर 1890 चा फोर्थ ब्रिज लागतो. एडिनबराला उतरलात तर तिथून डंडी दीड तासाच्या आत आहे. रेल्वेची स्वस्त तिकिटं सुमारे बारा आठवडे आधी खुली होतात. व्हिसाआधी काढायची असतील तर परतावा मिळेल अशीच काढा.

आता स्टेशन. नकाशावर बघितलं की गोल्फ स्ट्रीट नावाचं स्टेशन अगदी कोर्सच्या कडेला दिसतं, आणि नवखा माणूस तेच निवडतो. तिथे अगदी मोजक्या गाड्या थांबतात. शेजारच्या बॅरी लिंक्सचंही तेच. कार्नूस्टी असं लिहिलेलं मुख्य स्टेशनच धरा, तिथून कोर्स चालत जवळ आहे. डंडीहून आर्ब्रोथच्या दिशेने जाणारी प्रत्येक गाडी कार्नूस्टीला थांबत नाही, फलाटावरच्या बोर्डावर मधली स्टेशनं वाचून मगच चढा. रविवारी गाड्या उशिरा सुरू होतात आणि कमी असतात. परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा.

पोर्थकॉलला असेल तर वेगळं गणित: त्या गावाला रेल्वे स्टेशनच नाही. कार्डिफहून ब्रिजेंड किंवा पाइलपर्यंत रेल्वे, पुढे बस किंवा टॅक्सी. पण तिथे जायला मिळालं तर नक्की जा, अठराही होलवरून समुद्र दिसतो. 2014 मध्ये बर्नहार्ड लांगरने तिथे 13 फटक्यांनी स्पर्धा जिंकली होती. सीनियर ओपन सर्वाधिक वेळा, म्हणजे चारदा, जिंकणाराही तोच.

पैशांचं एक सांगून टाकतो. कार्ड सगळीकडे चालतं. रोख काढलीत तर स्कॉटिश बँकांच्या नोटा हातात येतील, त्या ब्रिटनच्याच पौंडाच्या आहेत, पण भारतात बदलून घेताना त्रास होतो. त्या तिथेच खर्च करा.

5. पिशवीत काय

जुलै म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर धो धो पाऊस येतो. तिथला पाऊस तसा नसतो. बारीक असतो, पण वारा तो आडवा फेकतो, आणि पारा बहुतेक वेळा 10 ते 19 अंशांच्या मध्ये. सकाळी ऊन, अकराला ढग, दोनला पाऊस, चारला पुन्हा ऊन, हे एकाच दिवसात होतं. कधी समुद्रावरून धुकं आत सरकतं आणि शंभर यार्डांवरचा झेंडा दिसेनासा होतो. अशा वेळी खेळ थांबवतातही.

- टोपी जोडलेलं, वारा अडवणारं वॉटरप्रूफ जाकीट. सर्वांत महत्त्वाचं हेच
- वॉटरप्रूफ पँट, वरून चढवता येईल अशी
- स्वेटर किंवा फ्लीस, खाली पातळ थर
- पकड असलेले, आधी वापरून सैल झालेले बूट
- कानटोपी. जुलैत कशाला असं वाटेल, तरी घ्या
- उन्हाचं क्रीम. वाऱ्यात चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं
- दुर्बीण, लहानशी
- मोबाइलची पॉवर बँक
- छोटी पिशवी. मोठ्या पिशव्या गेटवर अडवतात, आकाराची मर्यादा तिकिटासोबत लिहिलेली असते

छत्रीवर भिस्त ठेवू नका. लिंक्सवर ती उलटी होते आणि मागच्याचं दिसणं बंद करते.

खाण्याचं म्हणाल तर कोर्सवर बर्गर, चिप्स, पाय असं मिळतं. शाकाहारींना स्कॉटलंडमध्ये मॅकरोनी पाय सापडतो, गरम असला तर थंडीत छान लागतो. घरून चिवडा, शेंगदाण्याची चटणी, भाकरवडी न्यायला हरकत नाही. पेढे, बर्फी, तूप मात्र नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात.

वडीलधारी माणसं सोबत असतील तर एक हिशेब ध्यानात ठेवा: अठराही होल चालत फिरलं तर सात-आठ किलोमीटर होतात, आणि वाट सपाट नसते. त्यांच्यासाठी अठराव्याजवळचा स्टँड उत्तम. तिथे बसून दिवसभर सगळे खेळाडू येताना दिसतात.

6. कोर्सवर उभं कुठे राहायचं

बहुतेक प्रेक्षक टीजवळ, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, गोळा होतात, कारण तिथे खेळाडू जवळून दिसतो आणि फटक्याचा आवाज ऐकू येतो. पहिल्या दोन-तीन होलवर तुम्हीही तसं करा, हौस फिटते. मग पुढे चालत जा, चेंडू जिथे पडतो तिथे. लिंक्सवर खरा खेळ चेंडू जमिनीला लागल्यावर सुरू होतो. आपल्याकडच्या मऊ हिरव्या कोर्सवर चेंडू पडतो आणि थांबतो. इथे पडल्यावर तो वीस, तीस, कधी चाळीस यार्ड धावतो, आणि जमिनीला एखादी घडी असेल तर दिशा बदलून बंकरकडे वळतो.

2009 ला टर्नबरीच्या मुख्य ओपनमध्ये 59 वर्षांचा टॉम वॉटसन शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे होता. त्याने मारलेला आठ नंबरचा आयर्न हवेत अप्रतिम होता. ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पडला आणि धावत मागे उतरून गेला. पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेले फटके, हुकला, बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे जादा होल खेळून, स्ट्युअर्ट सिंक जिंकला. हाच वॉटसन सीनियर ओपन तीनदा जिंकलेला, टर्नबरी, रॉयल ॲबर्डीन आणि म्युअरफील्डला, तिन्ही लिंक्स. जमीन वाचण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे, आणि तरी त्या दिवशी जमिनीने त्याचं ऐकलं नाही.

म्हणून ग्रीनच्या अलीकडे तीस-चाळीस यार्डांवर, बाजूच्या उंचवट्यावर जागा धरा. मी अशाच एका उंचवट्यावर बराच वेळ बसलो होतो. एका पांढऱ्या केसांच्या खेळाडूचा चेंडू ग्रीनबाहेर, खोलगट जागी होता. मध्ये दोन उंचवटे. मला वाटलं आता उंच उचलून टाकेल. त्याने पिशवीतून पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायचा क्लब, काढला. उकिडवा बसला, गवतावरून हात फिरवला, पातं कुठल्या बाजूला झुकलंय ते बघितलं, आणि चेंडू झेंड्याच्या बऱ्याच डावीकडे ढकलला. चेंडू पहिला उंचवटा चढला, दिसेनासा झाला, दुसऱ्याच्या माथ्यावर पुन्हा दिसला, तिथे जवळजवळ थांबला आणि मग उजवीकडे वळून हळूहळू झेंड्याकडे उतरत गेला. शेजारच्या स्कॉटिश आजोबांनी नुसतं "हं" केलं. वाऱ्यात चेंडू जमिनीवर ठेवणं शहाणपणाचं, हे ते जन्मापासून बघत आलेले.

कार्नूस्टीवरच्या माझ्या आवडत्या जागा अशा.

सहावा होल, होगन्स ॲली. लांब, पार पाच. डावीकडे कुंपण, त्याच्यापलीकडे लष्कराची जागा, तिथे चेंडू गेला की तो बाद. फेअरवेच्या, म्हणजे टी ते ग्रीन या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मध्ये बंकर. 1953 मध्ये बेन होगनने कुंपण आणि बंकर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून चेंडू मारले आणि ओपन जिंकली. आयुष्यात तो ही स्पर्धा एवढी एकदाच खेळला. टीच्या मागे उभे राहा म्हणजे ती पट्टी किती अरुंद दिसते ते कळेल. सावधगिरीने उजवीकडून जाणारे आणि धाडस करणारे लगेच वेगळे ओळखू येतात.

चौदावा, स्पेक्टॅकल्स. ग्रीनच्या अलीकडे टेकाडात चष्म्याच्या दोन काचांसारखे दोन मोठे बंकर. पलीकडचं खेळाडूला नीट दिसत नाही, त्यामुळे कॅडी टेकाडावर चढून बघून येतो. त्यांचं बोलणं ऐकायला ही जागा फार चांगली.

सोळावा. पार तीन, पण लांबी अडीचशे यार्डांच्या आसपास, आणि ग्रीन मध्ये फुगलेला, कडेला उतरता. 1975 ला वॉटसन इथेच पहिली ओपन जिंकला, पण प्लेऑफ धरून पाच फेऱ्यांत या होलवर त्याला एकदाही पार मिळाला नाही. वारा समोरून असेल तर पन्नाशीपुढचे खेळाडू इथे वूड, म्हणजे लांब पल्ल्याचा क्लब, काढतात. डावी-उजवीकडे कोण कुठे घसरतो ते बघत तासभर सहज जातो.

आणि शेवटचे दोन होल, जिथे बॅरी बर्न नावाचा ओढा वळणं घेत पुन्हा पुन्हा आडवा येतो. त्याच्या कडा बांधीव, उभ्या. 1999 ला फ्रान्सचा जाँ व्हॅन द वेल्ड अठराव्या टीवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांत संपवलं असतं तरी जिंकला असता. सात लागले, एक चेंडू या ओढ्यात गेला, आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. 2007 ला पॅड्रिग हॅरिंग्टनने याच होलवर दोनदा ओढ्यात चेंडू घातला आणि तरीही प्लेऑफमध्ये सर्जिओ गार्सियाला हरवून ओपन जिंकली. पुढे 2025 ला सनिंगडेलला सीनियर ओपन जिंकून तो दोन्ही स्पर्धा जिंकणारा पाचवा खेळाडू ठरला. 2024 ची सीनियर ओपन इथे दक्षिण कोरियाच्या के. जे. चोईने दोन फटक्यांनी जिंकली. रविवारी दुपारी अठराव्याच्या स्टँडवर जागा हवी असेल तर शेवटचे गट टी-ऑफ घेत असतानाच तिथे जाऊन बसा.

7. दोरीजवळचे रिवाज

स्वयंसेवक हात वर करतो किंवा पाटी दाखवतो, तेव्हा बोलणं बंद आणि चालणंही बंद. लोक बोलणं थांबवतात, पण चालत राहतात, आणि खेळाडूच्या नजरेच्या कडेला ती हालचाल येते. जिथे असाल तिथे थबका.

फोन सायलेंटवर. कॅमेऱ्याचे नियम स्पर्धेच्या दिवसांत कडक असतात, तिकिटावरची सूचना वाचा.

आपला आवडता खेळाडू खेळून झाला की लगेच उठून पुढे पळू नका. त्याच्या गटातल्या बाकीच्यांचे फटके व्हायचे असतात.

फेअरवे ओलांडायच्या जागा ठरलेल्या आहेत, तिथूनच जा.

"फोर!" अशी आरोळी आली की वर बघू नका. डोकं हातांनी झाका, पाठ फिरवा, खाली बसा. वाऱ्यामुळे चेंडू नेमका कुठे येतोय ते आरोळी देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मुलांना हे सकाळीच करून दाखवा.

गुणफलकावर लाल आकडा म्हणजे पारपेक्षा कमी फटके, म्हणजे चांगलं. एवढं कळलं की पहिल्या दिवसापुरतं पुरे. गटांच्या वेळांचा तक्ता सकाळी फोनमध्ये घ्या. आदल्या रात्री त्यावर तीन नावं खुणेने ठरवून ठेवलीत तर दिवस भरकटत नाही. आपल्याकडचा जीव मिल्खा सिंग पन्नाशी ओलांडून या वयोगटात आलाय. तो खेळत असेल तर त्याच्यासोबत नक्की चाला. 2012 ला इन्व्हरनेसजवळच्या कॅसल स्टुअर्टला, म्हणजे लिंक्सवरच, त्याने स्कॉटिश ओपन जिंकली होती.

घरी राहिलेल्यांना कळवून ठेवा: जुलैत तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. सकाळी सातला पहिला गट निघाला तर इथे साडेअकरा वाजलेले असतात.

8. स्वतः खेळायचं असेल तर

बॅरी बर्नच्या काठाने दिवसभर चालल्यावर खेळणाऱ्याचे हात शिवशिवतात. कार्नूस्टीचा चॅम्पियनशिप कोर्स बाहेरच्यांना खेळता येतो. त्यासाठी हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा, पुरावा लागतो, तो आपल्या क्लबकडून निघण्याआधी घेऊन ठेवा. वेळ महिनोन् महिने आधी राखावी लागते आणि शुल्क भारी आहे. स्पर्धेच्या आठवड्यात तो अर्थातच बंद असतो.

त्याच्या शेजारीच बर्नसाइड आणि बडन असे आणखी दोन कोर्स आहेत. तीच वाळू, तोच वारा, आणि शुल्क बरंच कमी. पहिल्यांदा लिंक्सवर उतरणाऱ्याने बर्नसाइड घ्यावा. पिशवीत सगळे क्लब नेऊ नका, सात-आठ पुरतात. जमिनीलगत मारायचे फटके डंडीला निघण्याआधी आपल्या सरावाच्या मैदानावर घोटून घ्या: चेंडू मागच्या पायाकडे, हात पुढे, फॉलो-थ्रू छोटा. मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी नेस्टी नावाचा छोटा कोर्सही तिथेच आहे.

जुलैच्या शेवटी तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. स्पर्धा संपल्यावर दोन दिवस जास्त राहू शकलात तर सोमवार-मंगळवारची संध्याकाळची वेळ विचारा, ती स्वस्त मिळण्याची शक्यता असते, आणि त्या वेळी वाराही बऱ्याचदा पडलेला असतो.